एका नव्या बिस्त्रोत



सरकारी नोकर ध्वनिक्षेपकापुढे येऊन बसला, की तो एखाद्या योजनेची माहिती सांगणार, चार आकडे वाचणार आणि अखेरीस जनतेच्या सहकार्याची अपेक्षा व्यक्त करणार, अशी आपली समजूत असते. आणि ती बहुधा खरीही ठरते. आज मात्र मी जेवणाविषयी बोलणार आहे. आणि तेही परमुलखातल्या एका गल्लीत नुकत्याच उघडलेल्या छोट्या भोजनगृहाविषयी. पाककलेत माझी गती चहापलीकडे नाही. खाण्यातला दर्दी म्हणून माझी ख्याती नाही. नोकरीची जवळजवळ वीस वर्षे मी दुपारचे जेवण डब्यातून, उजव्या हाताने घास घेत आणि डाव्या हाताने फायलीची पाने उलटीत, केवळ उरकले आहे. अशा माणसाला या विषयावर बोलण्याचा अधिकार काय, असे आपण विचाराल. अधिकार काही नाही. पण त्या भोजनगृहाने मला माझ्याच एका जुन्या सहीची आठवण करून दिली. ती गोष्ट ओघाने येईल.

२०२३ च्या सप्टेंबर महिन्यात एका अभ्यासक्रमासाठी मी पॅरिसला गेलो. मुक्काम चार महिन्यांचा होता. राहावयास खोली मिळाली ती शहराच्या अकराव्या विभागात, बास्तीय चौकापासून पायी दहा मिनिटांवर. १७८९ साली ज्या तुरुंगाच्या पाडावाने फ्रेंच राज्यक्रांतीला तोंड फुटले, तो तुरुंग आज तेथे नाही. आहे तो एक उंच स्तंभ, आणि त्याच्याभोवती अखंड फिरणाऱ्या मोटारी. माझ्या खोलीत विजेची एक शेगडी होती आणि बरोबर पत्नीने बांधून दिलेली मुगाची डाळ होती. पहिला आठवडा मी खिचडीवर काढला. एकट्याने शिजवावी, एकट्याने खावी आणि एकट्यानेच पातेले घासावे, हा क्रम आठ दिवसांत जिवावर आला.

खाली गल्लीच्या कोपऱ्यावर एक बंद दुकान होते. त्याच्या काचांना आतून वर्तमानपत्रे चिकटवलेली असत आणि आतून दिवसभर ठाकठोक ऐकू येई. एके दिवशी सकाळी पाहतो, तो वर्तमानपत्रे गेलेली, काचा लख्ख झालेल्या आणि दाराबाहेर पाटी उभी. ती आपल्या शाळेतल्या पाटीसारखीच काळी होती आणि तिच्यावर खडूने चार-पाच ओळी लिहिल्या होत्या. बिस्त्रो उघडला होता. दुपारी मी आत शिरलो आणि दारातच पहिली चूक केली. कोणाशी न बोलता सरळ एका रिकाम्या खुर्चीवर जाऊन बसलो. गल्ल्यामागे साठीकडे झुकलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्या जवळ आल्या आणि अत्यंत शांतपणे, शब्दांवर किंचित जोर देऊन म्हणाल्या, "नमस्कार, म्स्यू." मी ओशाळून उभा राहिलो, नमस्कार केला आणि पुन्हा बसलो. फ्रान्समध्ये दुकानात, कचेरीत, भोजनगृहात कोठेही पाऊल टाकले, की प्रथम नमस्कार करावयाचा, मग कामाचे बोलावयाचे. तसे न करणारा मनुष्य कितीही पैसे खर्च करो, तो अडाणीच ठरतो. नंतर मनात आले, आपल्या कचेऱ्यांत लोक नमस्कार करून आत येतात. प्रतिनमस्कार किती जणांना मिळतो?

दुसरी चूक जेवणानंतर झाली. हात पुसून मी बसून राहिलो, बिल काही येईना. पाव तास गेला, अर्धा तास गेला. मला वाटले, बाई मला विसरल्या. वस्तुस्थिती उलट होती. मागितल्याशिवाय बिल आणून ठेवणे म्हणजे पाहुण्याला उठ म्हणण्यासारखे, असे तेथे मानतात. खुर्ची एकदा दिली, की जेवणापुरती ती तुमची. आपल्याकडच्या गर्दीच्या उपाहारगृहात आपण शेवटचा घास घेत असता पुढचा गिऱ्हाईक आपल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा असतो. त्या शिस्तीत वाढलेल्या मला हा मोकळेपणा पहिल्या दिवशी चक्क जाचक वाटला.

बिस्त्रो म्हणजे नेमके काय, हे सांगणे सोपे नाही. आपल्याकडे खानावळ, उपाहारगृह आणि हॉटेल यांत जो भेद आहे तो कोणी व्याख्येने सांगत नाही, परंतु सर्वांना तो ठाऊक असतो, तसेच हे. बिस्त्रो लहान असतो, घरगुती असतो, बहुधा नवराबायको तो चालवतात आणि तेथे गल्लीतले लोक जेवतात. या शब्दाविषयी एक आख्यायिका पॅरिसमध्ये मोठ्या हौसेने सांगतात. १८१४ साली नेपोलियनचा पराभव झाल्यावर रशियन सैनिक पॅरिसमध्ये उतरले. मॉंमार्त्रच्या टेकडीवरच्या भोजनगृहांत ते घाईघाईने शिरत आणि 'बिस्त्रो, बिस्त्रो', म्हणजे रशियन भाषेत 'लवकर, लवकर', असे ओरडत. त्यावरून हे नाव पडले. तेथल्या एका जुन्या भोजनगृहाच्या भिंतीवर या कथेची पाटीही लावलेली आहे. कथा गोड आहे. पण भाषापंडित ती मानीत नाहीत, आणि त्यांचे कारण आम्हां सरकारी माणसांना पटण्यासारखे आहे: कागदोपत्री पुरावा नाही. हा शब्द छापील मजकुरात प्रथम सापडतो तो १८८४ च्या सुमारास, म्हणजे रशियन सैनिक परत गेल्यावर सत्तर वर्षांनी. शिवाय, जेथे बिल मागितल्याशिवाय येत नाही, त्या जागेचे नाव 'लवकर' असावे, हा विनोद मला तरी पचला नाही.

शब्दाचे मूळ धूसर असले, तरी जागेची कुळकथा बरीच स्पष्ट आहे. फ्रान्सच्या मध्यभागी ओव्हेर्न्य नावाचा डोंगराळ प्रांत आहे. जमीन ज्वालामुखीची, थंडी कडक आणि पीक बेताचे. तेथले लोक एकोणिसाव्या शतकात पोटामागे पॅरिसला आले. प्रथम ते घरोघर पाणी वाहत. पुढे सरपण आणि कोळसा विकू लागले. कोळशाच्या वखारीतच एका बाजूला फळी टाकून ते गिऱ्हाइकाला वाइनचा पेला देत. मग पेल्याबरोबर एखादा पदार्थ आला, बाकडे आले, टेबल आले. कोळसा मागे पडला आणि भोजनगृह उरले. बास्तीयजवळ रू द लाप नावाचा एक अरुंद रस्ता आहे. तो एके काळी या ओव्हेर्न्यच्या मंडळींचा पॅरिसमधला गड होता. कोकणातला आणि घाटावरचा माणूस गिरणीच्या भोंग्यामागे मुंबईला आला आणि त्याच्या मागोमाग गिरणगावात खानावळी उभ्या राहिल्या, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही कथा परकी वाटणार नाही. गाव सोडून आलेल्या माणसाची भूक ही केवळ पोटाची नसते. त्याला आपल्या गावची चव हवी असते, आणि ती चव रांधणारी कोणी बाई हवी असते.

गरिबांना स्वस्त आणि सकस अन्न द्यावे, असा विचार करणारेही त्या शहरात होऊन गेले. दुव्हाल नावाच्या एका खाटकाने १८५० नंतरच्या दशकात बाजारपेठेतल्या कष्टकऱ्यांसाठी रस्सा आणि मांस स्वस्तात देण्याची भोजनगृहे काढली. अशा जागांना 'बुयाँ', म्हणजे रस्सा, असेच नाव पडले. १८९६ साली उघडलेले शार्तिए यांचे बुयाँ अद्याप चालू आहे. एका रविवारी मी तेथे मुद्दाम जाऊन आलो. तेथे वाढपी तुमचा हिशेब टेबलावर अंथरलेल्या कागदावरच लिहितो. भिंतीलगत लहान लहान क्रमांकित खण आहेत; पूर्वी नेहमीचे गिऱ्हाईक आपापला हातरुमाल त्यांत ठेवीत. परक्या शहरात आपल्या हातरुमालापुरती का होईना, एक हक्काची जागा असणे, ही गोष्ट मला फार हृद्य वाटली.

आता पुन्हा आमच्या गल्लीत येऊ. मी शाकाहारी, अंडे तेवढे चालते. फ्रेंच भोजनगृहात शाकाहाऱ्याची स्थिती लग्नाच्या पंगतीत उपवास असलेल्या माणसासारखी होते: सर्वांना त्याची कीव येते आणि काय वाढावे ते कोणालाच कळत नाही. पहिले काही दिवस मी अंडी आणि मेयोनेज, लीक नावाची पातीच्या कांद्यासारखी भाजी आणि बटाटे यांवर भागवले. कांद्याचे सूप मोठ्या आशेने मागवणार होतो. ले आल या पॅरिसच्या जुन्या घाऊक बाजारात पहाटे हमाल आणि रात्रभर जागलेले शौकीन एकाच टेबलावर हे सूप पीत, असे वाचले होते. तो बाजार १९६९ साली शहराबाहेर रँजिसला हलला. सूप मात्र साऱ्या शहरात राहिले. मी बाईंना विचारले, "यात मांस नाही ना?" त्या म्हणाल्या, "मुळीच नाही, फक्त कांदा आणि चीज." आणि मग क्षणभर थांबून, प्रामाणिकपणे म्हणाल्या, "रस्सा मात्र गोमांसाच्या हाडांचा." मी सूप नाकारले, परंतु त्या दुसऱ्या वाक्याने त्या बाईंविषयी माझ्या मनात जो विश्वास उत्पन्न झाला, तो अखेरपर्यंत टिकला.

चौथ्या की पाचव्या दिवशी पाटीवर मसुराचा एक पदार्थ होता. ओव्हेर्न्यमध्ये ल प्वी गावाच्या परिसरात हिरवट, बारीक मसूर पिकतो. १९९६ पासून त्या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. अन्यत्र पिकलेल्या मसुराला ते नाव लावता येत नाही. हा मसूर तेथे खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर शिजवतात. मी पाटीकडे पाहत उभा होतो. बाईंनी ते पाहिले आणि त्या म्हणाल्या, "उद्या या. उद्या मी थोडा मसूर वेगळा शिजवीन." दुसऱ्या दिवशी गेलो, तो खोलगट बशीत वाफाळलेला मसूर आला. त्यात बारीक चिरलेले गाजर होते, कांद्याच्या जातीची एक लहान गड्डी होती, वरून मोहरीच्या चटणीत फेटलेले आंबट तेल होते आणि शेजारी एक अर्धकच्चे उकडलेले अंडे होते. तिखट नाही, मसाला नाही, फोडणी नाही. पण पहिला घास घेतला मात्र, आणि मी थबकलो. मसुराचा दाणा अख्खा होता, दातांखाली किंचित लागत होता आणि जिभेवर मऊ होत होता. कृष्णाकाठच्या माणसाला अख्ख्या मसुराची ओळख सांगावी लागत नाही. डोळ्यांपुढे एकदम पितळी डबा आला. तो कोणाचा, हे लगेच ध्यानात आले. परंतु त्या दिवशी मी तो विचार बाजूला सारला आणि पावाच्या तुकड्याने बशी पुसून घेतली.

पावाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. तेथे पाव बशीत ठेवीत नाहीत. तो सरळ टेबलावर ठेवतात. प्रथम हे पाहून मला कसेसेच झाले. पण त्या लोकांची पावावरची श्रद्धा पाहिली, म्हणजे आपली भाकरी आठवते. परंपरागत फ्रेंच पाव कशाला म्हणावे, याविषयी १९९३ साली सरकारने नियम केला: त्याचे पीठ कोणत्याही टप्प्यावर गोठवलेले असता कामा नये. २०२२ मध्ये लांबट बागेत पावाच्या कारागिरीला युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. त्याआधी, २०१० मध्ये, फ्रेंच लोकांची भोजनपद्धती त्या यादीत गेलीच होती. गौरव एकेका पदार्थाचा नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. गौरव होता तो एकत्र बसून, क्रमाक्रमाने, बोलत बोलत जेवण्याचा. आपण त्याला पंगत म्हणतो.

बिस्त्रोत टेबले इतकी जवळ जवळ असतात, की शेजाऱ्याचे कोपर आपल्या बशीला लागते. या दाटीमुळेच तेथे अनोळखी माणसे बोलू लागतात. माझ्या शेजारच्या टेबलावर रोज एक वृद्ध गृहस्थ येत. पूर्वी ते छापखान्यात होते. महिनाभरात आमची ओळख अशी झाली, की एखादे दिवशी मला उशीर झाला तर ते मोहरीची बरणी माझ्या टेबलाकडे सरकवून ठेवीत. माझे फ्रेंच तोडकेमोडके आणि त्यांना इंग्रजी मुळीच येत नसे. तरीही कोणता पदार्थ आज साधला आणि कोणता बिघडला, यावर आमचे कधी दुमत झाले नाही.

मी जेवत असे, परंतु माझ्यातला अंमलदार काही उपाशी राहत नसे. भिंतीवर काय लावले आहे, दाराशी काय लिहिले आहे, हे पाहण्याची सवय सुटत नाही. पदार्थांचे दर बाहेर, रस्त्यावरून दिसतील असे लावणे तेथे बंधनकारक आहे. आत जाऊन फसण्याची सोय नाही. वाढप्याचा मेहनताना दरातच धरलेला असतो. जेवणाबरोबर नळाचे पाणी सुरईतून फुकट मिळते. जो पदार्थ तेथेच कच्च्या मालापासून शिजवला, त्यालाच 'घरचा' म्हणता येते. त्यासाठी २०१४ साली नियम झाला आणि छपराची टोपी घातलेल्या पातेल्याचे चिन्ह ठरले. अन्नस्वच्छतेच्या तपासणीचे निष्कर्ष २०१७ पासून जनतेला पाहावयास खुले आहेत. त्यांच्या चार पायऱ्या आहेत, आणि निरक्षरालाही समजावे म्हणून त्या चेहऱ्यांच्या चित्रांनी दाखवतात: वरची पायरी हसरी, खालची दुर्मुखलेली.

ऑक्टोबरच्या अखेरीस एके दिवशी दुपारी दोन वाजून गेले होते. गिऱ्हाईक पांगले होते. मी आणि ते छापखानेवाले गृहस्थ कॉफी घेत होतो. एवढ्यात हातात कागदपत्रे घेतलेली एक तरुण स्त्री आत आली, तिने नमस्कार केला आणि ओळखपत्र दाखवले. ती निरीक्षक होती. बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांचे यजमान स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आले आणि पुन्हा आत गेले. पुढची पाऊण घटका आत शीतपेट्या उघडल्याचे, झाकणे काढल्याचे, पाणी सोडल्याचे आवाज येत राहिले. बाई गल्ल्यामागे उभ्या होत्या. तोच पेला त्या पुन्हा पुन्हा पुसत होत्या. या जागेसाठी त्यांनी आणि यजमानांनी आपली सारी शिल्लक घातली होती आणि वर कर्ज काढले होते, हे एव्हाना गल्लीत सर्वांना ठाऊक होते. वृद्ध गृहस्थांनी आणखी एक कॉफी मागवली. त्यांना ती नको होती. बाई एकट्या पडू नयेत, एवढाच त्यामागचा हेतू होता. मीही मागवली.

निरीक्षक बाहेर आली. शीतपेटीच्या तापमानाची नोंदवही तीन दिवस कोरी होती आणि हात धुण्याच्या जागेत एक त्रुटी होती. तिने दोन्ही गोष्टी बाईंना दाखवल्या, काय करावयाचे ते सांगितले, मुदत दिली आणि कागदावर सही घेतली. जाताना पुन्हा नमस्कार केला. नियमातली एक रेघही तिने पुसली नाही. परंतु ती स्वयंपाकघरात गेली होती. तिने चूल पाहिली, माणूस पाहिला आणि मग लिहिले.

त्या दिवशी खोलीवर परतल्यावर मला झोप आली नाही. आता ती जुनी गोष्ट सांगतो.

नोकरीच्या अगदी आरंभी, परिविक्षाकाळात, कृष्णेच्या खोऱ्यातल्या एका लहान गावी नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्याचा कार्यभार काही आठवडे माझ्याकडे होता. वय पंचविशीचे, एम.ए.ची पदवी कोरी आणि नियमांचे ज्ञान त्याहून कोरे. दुपारी मला एका खानावळीतून डबा येई. शिपायाने ती व्यवस्था लावून दिली होती. डबा पितळी, चार पुड्यांचा. त्यात आठवड्यातून दोनदा अख्खा मसूर असे. तो मला इतका आवडे, की त्या दिवशी मी फाईल बाजूला ठेवीत असे. महिन्याचे पैसे मी आगाऊ देई. खानावळ कोण चालवते, हे मी कधी विचारले नव्हते.

त्या सुमारास गटारांवरील अतिक्रमणे हटवण्याचा ठराव झाला. यादी माझ्यापुढे आली. तिच्यात एका खानावळीचे नाव होते: मागची पडवी गटारावर, चुलीचा धूर शेजाऱ्यांना, परवान्याचे नूतनीकरण नाही. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. नोटिशीची मुदत संपली होती. मी सही केली. दोन दिवसांनी पडवी पाडली. पडवीतच चूल होती, म्हणून खानावळ बंद झाली. त्या दुपारी डबा आला नाही. संध्याकाळी शिपायाने माझ्यापुढे एक पाकीट ठेवले. आत काही नोटा आणि सुटी नाणी होती, आणि वहीच्या कागदावर तीन ओळींचा हिशेब होता: महिन्याचे जमा इतके, एकोणीस दिवसांचे वजा इतके, अकरा दिवसांचे परत इतके. हिशेब पैशापर्यंत बरोबर होता. मी शिपायाला विचारले, "हे कोणी दिले?" तो खाली पाहत म्हणाला, "खानावळवाल्या मावशींनी. म्हणाल्या, साहेबांचे पैसे अंगावर नकोत."

मी बेकायदेशीर काही केले नव्हते. आज ती यादी पुढे आली, तर गटार मोकळे करावेच लागेल, असेच मी म्हणेन. परंतु चूल चार हात पुढे सरकवण्यास महिनाभर लागला असता आणि तो महिना देणे माझ्या हाती होते. तेवढे कळण्यासाठी मला कचेरीपासून पाचशे पावले चालत जावे लागले असते. दोन महिने मी त्या चुलीवरचे अन्न खाल्ले आणि ती चूल पाहावयास एकदाही गेलो नाही. गेलो असतो, तर नियम तेवढाच राहिला असता. मी मात्र तेवढाच राहिलो नसतो. पुढे काही वर्षांनी त्या गावी जाण्याचा योग आला. तेथे दुकानांचे गाळे उभे होते. मावशी लेकीकडे गेल्या, एवढेच शेजारी सांगू शकले. कोणत्या गावी, ते त्यांनाही माहीत नव्हते.

डिसेंबरात माझा मुक्काम संपला. शेवटच्या दुपारी बिस्त्रोत गेलो, तेव्हा पाटीवर मसूर नव्हता; पण बाईंनी न सांगता तोच आणून ठेवला. दाराच्या काचेवर निरीक्षकाच्या तपासणीचा निकाल लावला होता. वरून दुसरी पायरी होती आणि चेहरा हसरा होता. मी बाईंचे अभिनंदन केले. त्या म्हणाल्या, "नोंदवही आता मी स्वतः लिहिते, म्स्यू. दिवसातून दोनदा." मग त्यांनी विचारले, "तुमच्या देशात तुम्ही काय काम करता?" चार महिन्यांत हा प्रश्न त्यांनी प्रथमच विचारला होता. मी सांगितले, "आजच्या त्या निरीक्षक बाई करतात, साधारण तेच." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "मग तुम्ही लोकांकडे जेवायला जात असाल." मी उत्तर दिले नाही, माझे फ्रेंच तेवढे चांगले नव्हते, असे आपण म्हणू.

बिल मागितले. ते नेहमीप्रमाणे मागितल्यावरच आले. वृद्ध गृहस्थांनी उठून हस्तांदोलन केले आणि मोहरीची बरणी जागच्या जागी ठेवली.

नवे भोजनगृह पहिले वर्ष निभावून नेते की नाही, ही पॅरिसमध्येही काळजीचीच गोष्ट असते. गेल्या वर्षी माझे एक सहकारी तिकडे गेले होते. मी त्यांना गल्लीचा पत्ता दिला होता. परत आल्यावर ते तक्रारीच्या सुरात म्हणाले, "तुमच्या त्या बिस्त्रोत मला जागाच मिळाली नाही. दुपारी एक वाजता सारी टेबले भरलेली!" त्यांना उपाशी परतावे लागले याचे मला वाईट वाटावयास हवे होते. ते वाटले नाही, हे येथे कबूल करतो.

अलीकडे माझ्यापुढे कोणतीही यादी सहीसाठी आली, म्हणजे मी ती एक दिवस ठेवून घेतो आणि त्यातल्या एखाद्या तरी ठिकाणी स्वतः जातो. हाताखालच्या मंडळींना वाटते, साहेबांना फिरण्याची हौस आहे. कामाला थोडा उशीर होतो, हे खरे. सह्या बहुतेक कराव्याच लागतात, हेही खरे. पण त्या पाकिटातले अकरा दिवसांचे पैसे मी खर्च केलेले नाहीत. ते माझ्या टेबलाच्या खणात आहेत, हिशेबाच्या कागदासह. तो हिशेब मावशींच्या बाजूने पुरा झाला आहे. माझ्या बाजूने व्हावयाचा आहे.